कुत्रं म्हशींच्या मागं लागतंय: बांधायचं की शिकवायचं?

मळेकरी
कोल्हापूरकडच्या वडणग्याजवळ आमचा मळा. घरात दहा महिन्यांचा बॉर्डर कॉली. परवा संध्याकाळी बांधावर दबून बसला होता. मान खाली, पुढचा एक पाय अधांतरी, डोळे शेजाऱ्यांच्या गाभण म्हशीवर. हाक मारेपर्यंत सुटलाच. म्हैस दाव्यासकट दोन वाफे तुडवत पळाली. चावला नाही, पण धारेला तिनं पान्हा चोरला. शेजारी म्हणतात, कायमचा साखळीला ठेवा. मला पटत नाही. ही जात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढरं वळण्यासाठीच तयार झाली. टक लावणं, दबकत जाणं, पाठलाग हे शिकारीतलंच. फक्त चावा पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मागं पाडलेला. साखळीनं हे जात नाही, तुंबतं.

दूधकट्टा
मत राहू दे, आधी शेजाऱ्याच्या दुधाचं बघा. भ्यालेली म्हैस पान्हा सोडत नाही, आणि गाभण जनावर असं पळवलं तर गाभ टाकायची भीती. पंढरपुरी असेल तर शिंगं खांद्याच्या मागं जातात. एक दिवस तुमचंच कुत्रं शिंगावर घेईल. दुसऱ्याचं जनावर म्हणजे तुमच्या कुत्र्याची शाळा नव्हे.

नादखुळा
एवढं काय त्यात? दिवाळी पाडव्याला आपल्याकडं म्हशी मोटारसायकलीमागं पळतातच की.

दूधकट्टा
भावा, पाडव्याला ती धन्याच्या मागं पळते, त्याची हाळी ओळखून. कुत्र्याच्या पुढं पळते ती जिवाच्या भीतीनं. मागं आणि पुढं यातला फरक कळत नसंल तर गोठ्याकडं फिरकू नको.

घोंगडं
धनगराचं पोर हाय मी. आमची कुत्री मेंढरं हाकत न्हाईत. वळायचं काम आमचं, शिट्टीनं आन् हाळीनं. कुत्रं रातच्याला, लांडग्यासाठी. पिल्लू कोकरांतच वाढतंय, आगाऊपणा केला की म्हातारी मेंढी ढुशी देती. तुमचं दहा म्हैन्याचं झालंय, आता ढुशीनं भागायचं न्हाई. आमच्या थोरल्यानं एका खोडकराच्या गळ्यात लोढणं अडकवलं हुतं. पळाय लागलं की लाकूड गुडघ्यावर बसायचं.

मळेकरी
लोढण्यानं पाय थांबतो, नजर थांबत नाही. विजेच्या झटक्याचा पट्टाही कुणी सुचवला होता. झटका म्हशीमुळंच बसला असं त्याला वाटलं तर उलट तिच्यावरच धावून जायचा. मी वीस हात लांब दोर लावतोय. म्हशीपासून इतक्या अंतरावर उभा राहतो की माझी हाक त्याच्या कानात शिरेल. टक लागायच्या आत हाक, वळला की शिजवलेल्या काळजाचा तुकडा. एकदा धावला की माझा तुकडा फिका. पाठलाग हेच त्याचं बक्षीस. म्हणून चुकूनसुद्धा धावू द्यायचं नाही, आणि अंतर रोज थोडंच कमी करायचं. काल चार वेळा वळला, पाचव्यांदा दोर ताणला.

दूधकट्टा
शिकवा की, नको कोण म्हणतंय? पण दोर हातात नसंल तेव्हा दार बंद. आणि जाळी तुमच्या खर्चानं. पाचव्यांदा दोर तुटला असता तर?

घोंगडं
ह्ये बराबर हाय. आन् कधी दात लागलाच तर जखम साबण-पाण्यानं धुवून लगेच जनावरांचा डॉक्टर बोलवा, हळद भरून बसू नका.

मळेकरी
रविवारी जाळी मारतोय. त्या दिवशीच्या दुधाचे पैसे द्यायला गेलो, शेजाऱ्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "व्याली की खरवसाला या. कुत्रं घरी ठेवून."