मदत हवी आहे: ऑडिशनमध्ये दोन क्लॅरिनेट कसे सांभाळता?

नमस्कार मंडळी, क्लॅरिनेट वादनात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केलाय. रेकॉर्डिंगची पहिली फेरी पार पडली, आता प्रत्यक्ष ऑडिशन. मोझार्टचा १७९१चा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीची रचना) बहुतेक ठिकाणी मागतात, तो ठरलाच. जोडीला देब्युसीची रॅप्सडी घेतली आहे. ती मुळात पॅरिसच्या संगीत विद्यालयातल्या परीक्षेसाठीच लिहिलेली, त्यामुळे श्वास, सूर, बोटं सगळ्याचाच कस लागतो.

अडचण अशी की मोझार्ट ए क्लॅरिनेटवर, तर देब्युसी आणि मेंडेल्सनचं स्केर्त्सो (ही जलद रचनाही वाजवायची आहे) बी-फ्लॅटवर, म्हणजे वेगळ्या पट्टीच्या दुसऱ्या क्लॅरिनेटवर. माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा भाग) रीडसकट, म्हणजे त्यावरच्या पातीसकट, काढून दुसऱ्या वाद्याला लावते, पण तोवर ते दुसरं वाद्य गार पडलेलं असतं आणि सूर उतरलेला लागतो. देब्युसीची सुरुवात इतकी हळुवार आहे की तिथे काहीच लपत नाही. त्यात परीक्षक मध्येच थांबवून दुसरं काही वाजवायला सांगू शकतात, म्हणजे वाद्य फुंकून गरम करायलाही फारसा वेळ नाही.

ज्यांनी अशा ऑडिशन दिल्यात किंवा घेतल्यात, त्यांनी कृपया सांगा: पहिली रचना निवडायची मुभा असेल तर मोझार्टने सुरुवात करावी की देब्युसीने? दोन्ही वाद्यांना एकच माउथपीस ठेवता की वेगवेगळे? आणि पियानोच्या साथीला तिथलाच वादक घेतला तर एका तालमीत जमतं का?