ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) ४१ असताना चालणं: किती, कसं आणि रक्तवाहिन्यांना नक्की काय होतं?

वाटसरू:
वडील ६३ वर्षांचे, मधुमेह आणि बीपी जुनं. ईजीएफआर ४१, लघवीतून थोडं प्रोटीन जातं. टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल (बीपीच्या गोळ्या), ग्लिमेपिराइड (शुगरची गोळी) चालू. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्यांसाठी चाला. क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) उतरेल का? घड्याळात पल्स किती ठेवायची? घाम फार येतो, नारळपाणी चालेल?

धमनी:
क्रिएटिनिन उतरेल असं धरून बसू नका. फायदा होतो तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने नळी सैल होते. किडनी मंदावली की एडीएमए नावाचा पदार्थ रक्तात साठतो आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतो. भरभर चालताना रक्ताचा ओघ वाढून अस्तरावर घासतो, आणि ते घासणंच एन्झाइमला कामाला लावतं. थांबलात की असर ओसरतो. म्हणून रविवारी सिंहगड आणि सहा दिवस खुर्ची, याला अर्थ नाही.

केडिगोची (किडनीच्या उपचारांचे नियम सांगणारी जागतिक संस्था) शिफारस आहे आठवड्याला १५० मिनिटं, मध्यम जोराने, झेपेल तितकं. सवय नसेल तर पहिले दोन आठवडे सपाटीवर १०-१० मिनिटं, दिवसातून दोनदा. पुढे दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत सलग ३० पर्यंत, आठवड्याचे ५ दिवस. शेवटची ५ मिनिटं सावकाश. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, बीपीच्या गोळीने नळ्या आधीच सैल असतात, मग चक्कर येते.

पल्सचं विसरा. मेटोप्रोलॉल ती फारशी वाढू देत नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, पण अभंग म्हणायला गेलं तर दम लागावा, इतका वेग.

मीठकमी:
नारळपाणी नको. मोठ्या ग्लासात ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनमुळे पोटॅशियम शरीरात अडकतं. ओआरएसमध्येही पोटॅशियम आणि वर मीठ. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर साधं पाणी पुरे.

खरी भीती ग्लिमेपिराइडची. किडनी मंद असली की त्याचा असर लांबतो आणि शुगर फार उतरू शकते. निघण्याआधी शुगर १०० च्या खाली असेल तर अर्धी पोळी खाऊन निघा. खिशात साखरेची पुडी ठेवा, केळं नको, त्यातही पोटॅशियम. मेटोप्रोलॉल धडधड आणि थरथर झाकतं, घाम मात्र झाकत नाही. त्यामुळे थंडीतही अचानक दरदरून घाम फुटला तर तो चालण्याचा समजू नका: तीन चमचे साखर, १५ मिनिटांनी पुन्हा शुगर मोजा.

पोटऱ्या दुखल्या म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. या गोळ्या किडनीच्या गाळणीकडे येणारी नळी आवळतात, टेल्मिसार्टन बाहेर जाणारी सैल सोडतं. गाळणीतला दाबच कमी होतो. आणि दर वेळी ठरावीक अंतरावर पोटरी धरते, उभं राहिलं की सुटते, असं असेल तर तो नुसता थकवा नव्हे, पायाच्या धमन्या तपासून घ्या.

रक्त-लघवीच्या तपासणीच्या आधीचे दोन दिवस चढ-डोंगर टाळा. लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं आणि उगाच घबराट होते.

वाटसरू:
कॅल्शियम बसून कडक झालेल्या नळ्या मऊ होतात का?

धमनी:
नाही. तीन महिन्यांच्या व्यायामाने बारीक रक्तवाहिन्यांचं काम सुधारल्याचं दिसलंय, पण मोठ्या धमन्यांचा कडकपणा बहुधा होता तिथेच राहतो. धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात बसलेलं कॅल्शियम चालून विरघळत नाही. ते वाढू नये यासाठी फॉस्फेटकडे बघा: कोला आणि पाकीटबंद खाणं आधी बंद. सकाळी बीपी १८०/११० च्या वर असेल किंवा छातीत दाटल्यासारखं वाटत असेल तर त्या दिवशी चालणं नको, आधी डॉक्टर.