पोलोचा लॉट एक्यूएलमध्ये (नमुना काढून केलेल्या तपासणीत) फेल, धुतल्यावर आटणं आणि पीळ – चेकर वाढवायचे का?

भोसरी_प्रॉडक्शन

नमस्कार मंडळी. भोसरीत गारमेंट युनिट आहे, कंपन्यांचे युनिफॉर्म शिवतो. सध्याची ऑर्डर चाकणची: २४०० पोलो, कॉटन पिके (उठावदार विणीची होजियरी), २२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), कापड तिरुपूरचं. पार्टीच्या इन्स्पेक्टरने १२५ पीस काढले, ११ मेजर (मोठे दोष) निघाले, लॉट अडकला. बहुतेक दोष प्लॅकेटचे (गळ्याखालच्या बटणपट्टीचे), बाकी शिवणीलगतची बारीक भोकं. वर एक पीस धुऊन दाखवला: उंची ७४ ची ७० सेंमी, आणि साइड सीम फिरून पुढे पोटावर. शेवटच्या टेबलावर चार चेकर आहेत. मालक म्हणतात अजून दोन घेऊ आणि आयएसओ ९००१ पण करून टाकू. फरक पडेल का?

कापड_तपासनीस

आटणं चेकरच्या डोळ्याला दिसतच नाही, मग सहा काय न् दहा काय. त्या चारांतला एक उचला आणि कापडाच्या गोडाऊनला बसवा.

रोल आले की निदान १० टक्के रोल फोर-पॉइंटने (दोषांना गुण द्यायची पद्धत) बघा. दोष ३ इंचांपर्यंत १ गुण, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्यापुढे ४. भोक १ इंचापर्यंत २, मोठं असेल तर ४. एका यार्डात ४ च्या वर गुण धरायचे नाहीत. होजियरी किलोवर येते म्हणून लोक हिशोबाला कंटाळतात, पण सोपा आहे: २२ किलोचा रोल, २२० जीएसएम, म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १२० चौरस यार्ड. त्यात ३६ गुण पडले तर १०० चौरस यार्डांना ३०. बहुतेक ठिकाणी ४० पर्यंत चालतं. नीडल लाइन (विणायच्या मशीनच्या सुईने पडलेली रेघ) मात्र रोलभर उभी धावत असेल तर दर यार्डाला ४ गुण, तो रोल मोजत बसू नका, परत करा. ट्यूब्युलर (नळीसारखं, न चिरलेलं) असेल तर दोन्ही बाजू बघायच्या, खालची बाजू हमखास राहते.

आता धुलाई. काठापासून १० सेंमी सोडून ५०×५० चा तुकडा कापा, त्यावर उभ्या-आडव्या ३५ सेंमीच्या तीन-तीन खुणा पक्क्या मार्करने करा. ४० अंशांवर धुवा, सपाट पसरून वाळवा, मोजा. घरगुती मशीन चालतं, फक्त दर वेळी तेच मशीन आणि तोच प्रोग्राम ठेवा. ३५ चे ३३.१ झाले की ५.४ टक्के, म्हणजे तुमच्या ७४ चे ७० हेच. तीन धुलाया करा, होजियरी पहिल्याच धुलाईत पूर्ण आटत नाही.

कारण बहुधा फिनिशिंगमध्ये आहे. स्टेंटरवर (कापड ताणून वाळवायचं मशीन) कापड ओढून पन्हा वाढवला की किलोमागे मीटर जास्त निघतात, पण तो ताण कापडात साठून राहतो आणि पहिल्या पाण्यात सुटतो. पडताळा म्हणून १०० चौरस सेंमीच्या गोल कटरने धुण्याआधी आणि नंतर जीएसएम काढा. २२० चं २४० च्या पुढे गेलं तर कापड ताणलेलं होतं. रोल उघडून २४ तास सैल पसरून ठेवला तर रोलिंगचा ताण जातो, स्टेंटरचा जात नाही. त्याला परत कॉम्पॅक्टिंगच (मशीनवर कापड आधीच आटवून घेणं) हवं.

पॅटर्न_मास्तर

कापडवाल्या दादांशी बाकी सहमत, पण कॉम्पॅक्टिंगला परत पाठवायला दर वेळी वेळ असतोच असं नाही. सगळे रोल एकसारखे आटत असतील तर पॅटर्नमध्ये भर घालून काम निघतं. ५.४ टक्क्यांना ७४ भागिले ०.९४६, म्हणजे ७८.२ कापा. पण एक रोल ३ टक्के आणि दुसरा ७ आटत असेल तर हे करू नका. नाहीतर एकाच साइझमध्ये दोन मापं निघतील.

पिळाचं वेगळं आहे. न धुतलेल्या कापडावर चौकोन आखा आणि धुवा. चौकोन तिरपा झाला तर दोष सुताचा किंवा विणीचा. चौकोन सरळ राहिला आणि शर्टच फिरला तर दोष तुमच्या कटिंगचा किंवा ओव्हरलॉकचा. सिंगल जर्सीच्या मानाने पिके कमी पिळतं, म्हणून माझा संशय आधी कटिंगवर. ले (कापायच्या कापडाचे थर) लावताना उभी वीण काठाशी समांतर आहे का? साइड सीमला पुढचा भाग ओढून मागचा सैल सोडला तरी सीम फिरते. दोन्ही भागांना मध्यावर नॉच (खुणेची छोटी चीर) द्या, ऑपरेटरला लगेच कळतं.

लाइन_क्यूसी_ताई

भोकांबद्दल. शिवताना सुईने लूपचा धागा तोडलेला असतो, तो धुतल्यावर उघडतो. सुई बॉलपॉइंट लावा, या जाडीला ७५/११ पुरते, आणि दर शिफ्टला बदला. टोक नखावर फिरवून बघा, ओरखडा उठला की सुई गेली. सुई बदलूनही भोकं येत असतील तर कापड कोरडं आहे, डायिंगवाल्यांकडून सॉफ्टनर वाढवून घ्या.

एक चेकर लाइनवर फिरता ठेवा. प्रत्येक मशीनवर दर दोन तासांनी ७ पीस. दोष शून्य तर हिरवं कार्ड, एक तर पिवळं, दोन किंवा जास्त तर लाल, आणि लाल म्हणजे मशीन थांबलं. थांबवायचा अधिकार सुपरवायझरने काढून घेतला तर कार्डं नुसती शोभेची राहतात. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं.

डीएचयू (शंभर पिसांमागे दोष) ऑपरेशनवार लिहा. ४०० पिसांत ५२ दोष म्हणजे १३, पण एका पिसात दोन दोष असू शकतात, त्याला रिजेक्शनचा टक्का समजू नका. पोलोत निम्मं दुखणं प्लॅकेटचं: खालच्या चौकटीत चुणी, दोन पट्ट्यांची रुंदी वेगळी, कॉलरची टोकं वर-खाली. फ्यूजिंग (आत चिकटवायचं अस्तर) आधी आटवलेलं नसेल तर प्लॅकेट इस्त्रीतही सरळ होत नाही.

एक्यूएल_वाला

आकडे सांगतो. २४०० चा लॉट, आयएसओ २८५९-१ (नमुना तपासणीचं मानक), जनरल लेव्हल दोन: कोड के, नमुना १२५. मेजर दोषांना एक्यूएल २.५ धरलं तर ७ पर्यंत पास, ८ ला फेल. मायनर ४.० ला १० पास, ११ फेल. क्रिटिकल शून्य. तुमचे ११ मेजर, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. ४० पिसांचे ६० बॉक्स असतील तर ८ बॉक्समधून पीस काढा, नुसत्या वरच्या दोन बॉक्समधून नाही. घरचं ऑडिट १.५ ने करा, तिथे १२५ ला ५ पर्यंतच पास.

९००१ वाईट नाही, पण ते तुमच्या कामाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, टी-शर्टचं नव्हे. नंतर बघा.

भोसरी_प्रॉडक्शन

आभारी आहे सगळ्यांचा. दोन शंका: पावसाळ्यात जीएसएम जास्त दाखवतं, त्याचं काय? आणि हे शिवलेले २४०० पीस?

कापड_तपासनीस

जुलैच्या दमट हवेत कॉटन पाणी ओढतं, २२० ला पाच-सहा ग्रॅम सहज वाढतात, आणि किलोवर घेता म्हणजे त्या पाण्याचे पैसे तुम्हीच देता. मंजूर नमुन्याचा तुकडा जपून ठेवा, तो आणि नवीन कापड एकाच खोलीत रात्रभर ठेवून शेजारी-शेजारी वजन करा. वाद झाला तर घाटकोपरच्या बीट्रामधून (कापड संशोधन संस्था) रिपोर्ट घ्या.

शिवलेला माल पार्टीला विचारून पूर्ण लॉट धुऊन घ्या, मग पुन्हा मोजा. आटून एल चा एम झाला असेल तर त्यांच्या संमतीने लेबल बदलता येतं. भोकं धुतल्यावरच उघडतील, म्हणून शंभर टक्के चेकिंग त्यानंतर करा. पिळलेले पीस बाजूला काढा, इस्त्रीने सरळ दिसतील पण पुढच्या धुलाईत परत फिरतील. आणि इस्त्रीनंतर पीस पूर्ण गार झाल्यावरच पॉलिबॅगमध्ये भरा, गरम भरले की आत वाफ कोंडते आणि बॉक्स उघडेपर्यंत बुरशीचे ठिपके येतात.