'परिवीक्षा'ला सोपा शब्द कोणता?

धरणगाव : न्यायालयानं परिवीक्षेवर सोडलेल्या, मानसोपचार चालू असलेल्या माणसाच्या घरी द्यायची चिठ्ठी लिहितो आहे. 'परिविक्षा' की 'परिवीक्षा'? गावात तर सगळे 'जामीनवर सुटना' म्हणतात. मसुद्यात 'सक्तीचे उपचार', 'नशेत आढळला', 'डेपो इंजेक्शन' हे शब्दही आहेत, तेही बघा.

धुळे : वी दीर्घच. परि + वीक्षा. 'जामीन' मात्र नको, भाऊ. तो खटला चालू असताना. परिवीक्षा दोष सिद्ध झाल्यावर : १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचं कलम ४, लगेच शिक्षा न सुनावता बंधपत्रावर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या लेखी हमीवर, सोडणं, जास्तीत जास्त ३ वर्षं. देखरेखीचा आदेश झाला तर तो किमान १ वर्षाचा. पॅरोल ही कैद्याची रजा; तुरुंगाच्या कागदात 'अभिवचन रजा'. फर्लो म्हणजे 'संचित रजा'.

चाळीसगाव : 'सक्तीचे उपचार' हेही खोडा. अंमली पदार्थांच्या कायद्यात कलम ३९ खाली दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला उपचारासाठी सोडतात, ते त्याच्या संमतीनं. उपचाराचा अहवाल वर्षाच्या आत न्यायालयात द्यावा लागतो.

यावल : माझा आक्षेप 'नशेत आढळला' या शेऱ्याला. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणारा माणूस मे महिन्यात केळीच्या बागेत राबतो. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, रक्तातलं प्रमाण चढतं. हात थरथरतात, जीभ जड होते, तोल जातो, जुलाब लागतात. बघणारा म्हणतो, प्यायलाय. तोच शेरा पुढे गेला की बंधपत्र मोडल्याचा संशय, आणि रक्ततपासणी राहूनच जाते! दिसलं तेवढंच लिहा : 'लटपटतो, बोलणं अडखळतं'. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. एरवीची लिथियमची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात. अशी लक्षणं असली तर तेवढं थांबू नका, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुढची गोळीही नको.

धुळे : ताईंचं पटलं. 'डेपो इंजेक्शन'ही फोडून लिहा. आपल्याकडे डेपो म्हणजे एसटीचा. 'स्नायूत साठून हळूहळू उतरणारं इंजेक्शन, पुढची तारीख अमुक' असं.

चाळीसगाव : परिवीक्षा अधिकाऱ्याकडच्या प्रतीत तारीख आणि हजर-गैरहजर पुरे. निदान लिहायचं तर रुग्णाची संमती घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ गोपनीयतेचं आहे.

धरणगाव : मग वर 'परिवीक्षा', खाली अहिराणीत 'देखरेखमा शे, गोया बंद करू नका'? आणि लिथियमच्या त्या लक्षणांसाठी ताईंची सूचना वेगळी.

शहादा : तुमच्याकडे चालेल. अक्राणीत पावरी बोलतात. तिथं चिठ्ठीबरोबर वाचून सांगणारा माणूसही पाठवा.