काळजी आणि बंधन यांतील सीमारेषा कोणती?

फोंड्याची वाचक: लग्न ठरल्यापासून माझे भावी पती मला पणजीहून संध्याकाळच्या बसने एकटीने परतू देत नाहीत. त्यांचे प्रेम खरे आहे, तरी मन अस्वस्थ होते. मानसशास्त्रात याविषयी काही विचार झाला आहे का?

म्हापशाचा प्राध्यापक: ताई, झाला आहे. पीटर ग्लिक आणि सुसान फिस्क या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली २२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि स्त्रियांविषयीचा उघड वैरभाव व ‘स्त्री नाजूक आहे, तिला जपले पाहिजे’ हा गोड वाटणारा भाव यांची स्वतंत्र मोजणी केली. पुढे १९ देशांतील १५,००० हून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात असे दिसले की ज्या देशांत पहिला भाव अधिक, तिथे दुसराही अधिक असतो. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण गोड भावाला विरोध करताना स्त्रीलाच कृतघ्न ठरवले जाते. अर्थात, ही सरासरी आहे. त्यावरून तुमच्या भावी पतींची पारख करू नये.

डिचोलीची वकील: आपल्या गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा निम्मा वाटा असतो, परंतु घरी कधी परतायचे, हे कोणताही कायदा ठरवून देत नाही. तो निर्णय तुमचाच आहे, हे त्यांना लग्नाआधीच शांतपणे सांगा.

फोंड्याची वाचक: आभारी आहे. येत्या रविवारी बोलते.