साक्याचा फोटो इन्स्टाग्रामवर आलाय. कमेंट उडवू की उत्तर देऊ?

कलमवाला_देवगड
आमची देवगडजवळ हापूसची कलमं आहेत. दलालाच्या मर्जीवर राहायला नको म्हणून पुण्या-मुंबईला थेट पेट्या पाठवतो, ऑर्डरी बहुतेक इन्स्टाग्रामवरूनच. परवा एका ताईंनी कापलेल्या फळाचा फोटो आमच्या पोस्टखाली टाकला. वरून देखणा केशरी, आत कोयीलगत पांढरट साका, म्हणजे न पिकलेला, स्पंजासारखा गर. "दोन फळं अशी निघाली, शुद्ध फसवणूक." लगेच बाकीचे सुरू, "देवगडच्या नावाने कर्नाटकचा माल विकतात." पुतण्या म्हणतो, कमेंट उडवा आणि ब्लॉक करा. मला पटत नाही, पण सीझन ऐन भरात आहे. शिवाय एक फूड ब्लॉगर दोन पेट्या फुकट मागतोय, रील करून देतो म्हणे.

चटणी_रोटी
खाद्यपदार्थांच्या ब्रँडची पेजं सांभाळणं हाच माझा धंदा. काका, उडवू नका. स्क्रीनशॉट एव्हाना कुठल्यातरी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचला असेल. तुम्ही उडवलीत की तिथे "बघा, डिलीट केली" असा दुसरा मेसेज पडतो, आणि आंबा राहतो बाजूला.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये केएफसीने माल पोचवणारी कंपनी बदलली आणि दुकानांत कोंबडीच पोचेना. नऊशेच्या आसपास दुकानं, त्यातली बहुतेक बंद. ट्विटरवर लोकांनी यथेच्छ धुतलं. कंपनीने पेपरात पानभर जाहिरात दिली: रिकामी बादली, तिच्यावर स्वतःच्याच नावाची अक्षरं फिरवून केलेली शिवी, खाली माफी. गाजली शिवी, पण माझ्या मते काम केलं माफीने. त्यात ठेकेदाराकडे बोट दाखवलेलं नव्हतं.

तुम्ही त्या फोटोखालीच, सगळ्यांदेखत लिहा: "ताई, दोन फळं खराब निघाली, माफ करा. बदली आंबे की पैसे परत, तुम्ही सांगाल तसं." साका बाहेरून ओळखता येत नाही, फळ झाडावर जास्त तयार झालं आणि जमिनीची धग लागली की वाढतो, हे त्यानंतर. आधी शास्त्र सांगितलंत तर सबब वाटेल. पत्ता-फोन मात्र इनबॉक्समध्ये घ्या. कर्नाटकवाल्यांशी हुज्जत नको. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. तुमची त्याखाली नोंदणी असेल तर दाखला पेजवर सगळ्यात वर पिन करा. नसेल तर करून घ्या.

ब्लॉगरचं: फुकट पेटी हाही मोबदलाच. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे २०२१ चे नियम आहेत, जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही सूचना काढल्या. रीलवर 'जाहिरात' असं ठळक दिसायला हवं. तो नाही म्हणाला तर पेटी देऊ नका.

मीमसम्राट_ठाणे
एवढं गंभीर कशाला? साक्यावर झक्कास मीम टाका, अमूलसारखं. व्हायरल होईल.

चटणी_रोटी
अमूलची मुलगी १९६६ पासून कोट्या करतेय, पण जगात काय चाललंय त्यावर. कुणाच्या घरी खराब लोणी गेलं तर त्यावर नाही. बर्गर किंगच्या ब्रिटनच्या हँडलने ८ मार्च २०२१ ला, महिलादिनी, "बायकांची जागा स्वयंपाकघरात" असं ट्विट केलं. पुढच्याच ट्विटांमध्ये महिला शेफसाठी शिष्यवृत्तीची घोषणा होती. ती वाचतंय कोण? पहिलं ट्विट एकटंच गावभर फिरलं, शेवटी डिलीट करून माफी मागावी लागली. ज्याचे पैसे गेलेत त्याच्यासमोर विनोद नको, बाकी वेळी खुशाल करा.

डोंबिवली_फास्ट
गिऱ्हाईक म्हणून सांगतो. "मस्त आंबे, धन्यवाद" मी वाचतसुद्धा नाही. तक्रार शोधतो आणि तिच्याखाली मालक काय बोललाय ते बघून ऑर्डर देतो. "प्रिय ग्राहक, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असलं छापील उत्तर दिसलं की पुढचा विक्रेता.

कलमवाला_देवगड
उत्तर टाकलं. ताई म्हणाल्या, पैसे नकोत, आंबेच द्या. उद्याच्या गाडीने डझनभर पाठवतोय. 'जाहिरात' लिहा म्हटल्यापासून ब्लॉगर मेसेज वाचून गप्प आहे. आता पुतण्याचा प्रश्न: रात्री अकराला कमेंट आली तर?

चटणी_रोटी
झोपा. पेजवर लिहून ठेवा, उत्तर सकाळी ९ ते रात्री ८. आणि पुतण्याला रात्री पासवर्ड देऊ नका.