कानविंदे-राय ही आर्किटेक्ट फर्म एवढी मोठी कशी झाली? सेमिनारसाठी मदत हवीय

मालवणी_टीस्क्वेअर
नमस्कार मंडळी. मी बी.आर्कच्या (आर्किटेक्चर) चौथ्या वर्षाला आहे, या टर्मला सेमिनारसाठी एक फर्म घ्यायचीय, म्हणजे नुसती एक बिल्डिंग नाही तर ऑफिस कसं उभं राहिलं, कामं कशी मिळत गेली असं सगळं. वर्गात बाकीच्यांनी चार्ल्स कोरिया आणि बी.व्ही. दोशी हे नावाजलेले आर्किटेक्ट आधीच घेऊन टाकले. मी अच्युत कानविंदे घेतले कारण ते आमच्या मालवणजवळच्या आचऱ्याचे, १९१६ चा जन्म. आमच्या घरात रामेश्वराचं देऊळ, गावपळण यावर तासभर गप्पा होतील पण हे नाव मी कॉलेजला जाईपर्यंत एकदाही ऐकलं नव्हतं, त्याचं खरंच वाईट वाटतं.

आत्तापर्यंत जमवलंय ते असं: मुंबईच्या जे.जे. ला शिकले, तिथे शिकवायला क्लॉड बॅटली होते, मग १९४५ ला सरकारी स्कॉलरशिपवर हार्वर्डला आधुनिक आर्किटेक्चरवाल्या वॉल्टर ग्रोपियसकडे, परत आल्यावर सीएसआयआरमध्ये (सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषद) आर्किटेक्ट, आणि १९५५ ला शौकत राय यांच्यासोबत दिल्लीत स्वतःचं ऑफिस. नंतर चौधरी पार्टनर झाले आणि नाव कानविंदे, राय अँड चौधरी झालं. पुढची यादी बघितली की गरगरायला होतं. आयआयटी, कृषी विद्यापीठ, डेअरी, सायन्स सेंटर, शेवटी शेवटी मंदिर!

तर माझा प्रश्न, सरकारी नोकरी सोडलेल्या माणसाला एवढी पब्लिक कामं कशी काय मिळत गेली? आणि दर वेळी बिल्डिंगचा प्रकार वेगळा असताना त्यांना ते जमलं कसं?

पुणे३०_आर्किटेक्ट
फार चांगला विषय घेतलास. उत्तराचा अर्धा भाग तुझ्याच पोस्टमध्ये आहे, सीएसआयआर. त्यावर एका ओळीत पुढे जाऊ नकोस, तिथेच थांब जरा.

स्वातंत्र्यानंतर सीएसआयआरचे प्रमुख शांतिस्वरूप भटनागरांच्या हाताखाली देशभर प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या, आपली पाषाणची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) १९५० चीच. म्हणजे ज्या काळात बहुतेक आर्किटेक्ट बंगले, सिनेमा थिएटर नाहीतर विमा कंपन्यांची ऑफिसं करत होते तेव्हा कानविंदे शास्त्रज्ञांसमोर बसून विचारत होते की गॅसची लाईन कुठून येणार, घाण हवा कुठून बाहेर जाणार, उद्या मशीन बदललं तर भिंत हलवता येईल का. अहमदाबादची अटीरा (कापड उद्योगाची संशोधन संस्था) आणि फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी या त्यांच्या दोन्ही इमारती त्याच काळातल्या, दोन्हींचं उद्घाटन १९५४ ला नेहरूंनी केलं आणि दोन्हीकडे विक्रम साराभाई होते. आता ऑफिस उघडलं १९५५ ला, म्हणजे बघ, पाटी लावायच्या आधीच देशातली मोठी माणसं त्यांचं काम वापरत होती!

माझं मत असं की त्यांना कामं मिळाली ती ओळखीपेक्षा या सवयीमुळे. लॅब करणारा माणूस आधी इमारतीच्या आत काय चालणार हे समजून घेतो आणि चेहरा नंतर ठरवतो, आणि ही सवय लागली की डेअरी काय नि लायब्ररी काय. आर्किटेक्ट हबीब रहमान पण अमेरिकेत शिकून आले, पण ते सीपीडब्ल्यूडीमध्ये (केंद्राचं बांधकाम खातं) राहून सरकारी इमारती करत राहिले, कानविंदे बाहेर पडले. दोघांची तुलना कर, सेमिनारला वजन येईल.

हॉल_पाच_कानपूर
मी मेकॅनिकलचा, आर्किटेक्चरमधलं काही कळत नाही, पण चार वर्षं त्यांनी केलेल्या आयआयटी कानपूरच्या कॅम्पसवर राहिलोय म्हणून लिहितो. मे महिन्यात तिथे लू सुटते, पंचेचाळीसच्या पुढे पारा, चेहरा भाजून निघतो अक्षरशः. आणि तरीही फॅकल्टी बिल्डिंग, लायब्ररी, लेक्चर हॉल सगळं झाकलेल्या वाटांनी जोडलेलं, वरही कॉरिडॉर आणि खालीही, त्यामुळे एका क्लासमधून दुसऱ्या क्लासला जाताना ऊन किंवा पाऊस अंगावर घ्यावा लागायचा नाही. लेक्चर हॉलपाशी पाणी आहे, झाडं आहेत, संध्याकाळी आम्ही तिथेच बसलेलो असायचो. गाड्या बाहेरच्या बाहेर, आत पायी नाहीतर सायकल. काँक्रीटची फ्रेम आणि मध्ये उघडी वीट, प्लास्टर नाही रंग नाही, तेव्हा वाटायचं की पैसे संपले असतील बहुतेक 😄 आता कळतं की तेच ठरवून केलेलं होतं.

अजून एक मराठी धागा देतो. पहिले डायरेक्टर डॉ. पु. का. केळकर, ते आधी आयआयटी मुंबईच्या उभारणीत प्लॅनिंग ऑफिसर होते आणि पुढे मुंबईचेही डायरेक्टर झाले. कानपूरची लायब्ररी आज त्यांच्याच नावाने आहे. शिक्षण कसं असावं याचा विचार केळकरांचा आणि त्याला जागा दिली कानविंदेंनी, आणि पहिल्या टप्प्याचं काम १९५९ ते ६६ मध्ये झालं. अमेरिकेतली नऊ विद्यापीठं मदतीला होती पण कॅम्पस आपल्या माणसाने केला, हे मला आजही कोणाला सांगताना छाती भरून येते.

दूधवाला_इंजिनीअर
डेअरीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लॉगिन केलं. गुजरातेतल्या मेहसाण्याची दूधसागर डेअरी त्यांचीच, सत्तरच्या सुरुवातीची. मी डेअरी टेक्नॉलॉजीला असताना आमची व्हिजिट होती. लांबून बघितलं तर किल्ला वाटतो, वर ओळीने उंच शाफ्ट उभे. पण ते शोभेचे नाहीयेत हो, आतली गरम हवा आणि वाफ त्यातून वर निघून जाते. दूध आधी वर चढवायचं आणि मग प्रक्रिया करत करत उताराने खाली आणायचं, म्हणजे मजले तसे पाडलेत, जिथे जमेल तिथे पंपाचं काम गुरुत्वाकर्षण करतं. पुण्याच्या सरांनी वर लिहिलंय ना घाण हवा कुठून जाणार, तेच इथे इमारत होऊन उभं आहे. फोटो बघून समजत नाही, जमलं तर सेक्शन (इमारत उभी कापल्यासारखं ड्रॉइंग) काढ स्वतः.

मालवणी_टीस्क्वेअर
बापरे, एवढं सगळं!! सगळ्यांना मनापासून थँक्यू 🙏 सेक्शन काढतेच. एक शंका राहते, त्यांनी केलेलं दिल्लीचं इस्कॉन मंदिर १९९८ चं, त्याला चक्क शिखरं आहेत. ग्रोपियसचा विद्यार्थी, आयुष्यभर काँक्रीट आणि ग्रिड, आणि शेवटी शिखर? गाईड म्हणतायत की हे वगळ, विषयात बसत नाही.

पुणे३०_आर्किटेक्ट
वगळू नकोस. बॅटली जे.जे. च्या पोरांना जुन्या देशी इमारती मोजून त्यांची ड्रॉइंग काढायला लावायचे, म्हणजे याचं बीज हार्वर्डच्या आधीचं आहे. मला स्वतःला ते मंदिर कानपूरइतकं आवडत नाही, पण माणूस ऐंशीच्या घरात असताना नवीन काहीतरी करून बघतोय हे लपवायचं कशाला.

आणि वाढ म्हणजे फक्त मोठ्या कामांची यादी असं धरू नकोस. १९६९ ला त्यांनी एका अमेरिकन सहकाऱ्याबरोबर भारतातल्या कॅम्पस डिझाइनवर पुस्तक लिहिलं, म्हणजे शिकलेलं ऑफिसात कोंडून न ठेवता सगळ्यांना दिलं. बंगलोरचं कृषी विद्यापीठ, दिल्लीचं नॅशनल सायन्स सेंटर, ही कामं त्याच रस्त्यावरची. १९७४ ला पद्मश्री, २००२ ला गेले, पण ऑफिस चालू आहे, मुलगा संजय कानविंदे आणि पार्टनर बघतात.

आमच्याकडे आता काय होतं ते पण सांगतो. मागे एका नगरपालिकेच्या वाचनालयाचं काम होतं, फीचं टेंडर निघालं, ज्याने सगळ्यात कमी टक्के लिहिले त्याला काम. आम्ही दोन महिने वाचकांशी, तिथल्या बाईंशी बोलून पुस्तकं कशी फिरतात, म्हातारी माणसं पेपर कुठे वाचतात सगळं काढलं होतं, ती फाईल कोणी उघडलीच नाही. त्यामुळे १९५५ ला कोणत्या पद्धतीने आर्किटेक्ट निवडले जायचे हा भाग तू नक्की शोध, मला तो वाचायचाय.

हॉल_पाच_कानपूर
+१. आणि मुंबईला असशील तर वरळीचं नेहरू सायन्स सेंटर पण त्यांचंच, दिल्ली-कानपूरचं तिकीट काढायच्या आधी तिथे एक पूर्ण दिवस घालव. शाळेच्या सहली येतात तेव्हा जा, पोरं कुठून आत शिरतात आणि कुठे थबकतात ते बघत बस.

मालवणी_टीस्क्वेअर
शनिवारी जातेय, स्केचबुक घेऊन. आल्यावर इथेच टाकते.